शाळा सुटतानाच्या मेल आणि दहा आठवड्यांची सुट्टी

न्यू जर्सीतल्या एडिसनजवळून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आखडून देते: “मुलगी अकरावीत, मुलगा नववीत. शाळा संपायला तीन आठवडे उरलेत आणि शाळेकडून रोज एक लांबलचक मेल येतेय. वाचून काही कळत नाही आणि न वाचता सोडायला भीती वाटते. त्यात मंडळातल्या एकींची मुलगी उन्हाळ्यात एका नामांकित विद्यापीठात तीन आठवड्यांचा कोर्स करणार आहे, फी सहा हजार डॉलर. आपण मागे पडतोय का? मुलं एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर आहेत. आणि जुलैमध्ये पुण्याला जायचं घाटतंय, आजी वाट बघतेय. जावं की नको?”

ताई, सहा हजार डॉलरचं नंतर बघू. आधी त्या मेल, कारण खरं घोडं तिथेच पेंड खातं.

ही मेल कशी असते ते मला तोंडपाठ आहे. वर प्रिन्सिपलचं वर्षभराचं कौतुक. मग इयरबुक कधी वाटणार, लॉकर रिकामे करा, लॅपटॉप चार्जरसकट परत करा, कॅफेटेरियाच्या खात्यात उणे चार डॉलर आहेत ते भरा, बँडचा कार्यक्रम, हरवलेल्या जॅकेटांचा ढीग जिममध्ये ठेवलाय. आणि खाली कुठेतरी, तेराव्या-चौदाव्या मथळ्याखाली, एक ओळ: ज्युनियर्सनी, म्हणजे अकरावीच्या मुलांनी, कॉलेजप्रवेशाच्या शिफारसपत्रांचे फॉर्म शाळेच्या शेवटच्या दिवसाआधी द्यावेत.

आमच्या मोठ्या मुलाच्या वेळी ती ओळ मी वाचली नव्हती. जॅकेट मात्र शोधून आणलं. ऑगस्टमध्ये कळलं की काउन्सेलर, म्हणजे शाळेतले मार्गदर्शक, मुलांबद्दलचं पत्र लिहितात ते त्या फॉर्मवरून. सुट्टीत त्यांचं ऑफिस बंद. सप्टेंबरात गेलो तर केमिस्ट्रीच्या सरांनी आधीच बऱ्याच मुलांना होकार देऊन यादी बंद केलेली. ज्या सरांकडे पोरगा वर्षभर शाळा सुटल्यावर थांबून प्रयोग करायचा, त्यांचंच पत्र मिळालं नाही. चूक आमचीच होती, कुणाला बोल लावणार?

तेव्हा मुलीला याच आठवड्यात दोन शिक्षकांना विचारायला सांगा. शक्यतो अकरावीत ज्यांनी शिकवलं तेच, आणि दोघांचे विषय वेगळे असले तर उत्तम. मेल नको, समोर जाऊन विचारायचं. आपली मुलं इथे भिडस्त होतात, “त्यांना त्रास कशाला” म्हणतात. त्यांना सांगा, शिक्षकांना जूनमध्ये विचारलेलं आवडतं, ऑक्टोबरात विचारलेलं नाही.

त्या फॉर्मचा एक भाग पालकांचा असतो. ब्रॅग शीट म्हणतात त्याला, आणि आपली खरी पंचाईत तिथे होते. आमच्याकडे यांनी लिहिलं होतं: मुलगा हुशार, आज्ञाधारक आणि मेहनती आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर “वर्तणूक: चांगली” असं लिहितात ना, अगदी तसं! काउन्सेलरांच्या हाताखाली शेकडो मुलं असतात. अमेरिकेतल्या स्कूल काउन्सेलरांची संघटनाच म्हणते की एकामागे २५० मुलं असावीत, आणि बहुतेक सरकारी शाळांत त्याहून जास्त असतात. त्या बाईंना आज्ञाधारक मुलं ढिगाने माहीत आहेत. त्यांना हवा असतो एखादा प्रसंग. दुसऱ्या खेपेला, धाकटीच्या वेळी, मी लिहिलं की ती रोज सकाळी शाळेला निघण्याआधी नागपूरच्या आजोबांना फोन करून शब्दकोड्यातली अडलेली अक्षरं सोडवते, आणि त्यासाठी मराठी वर्तमानपत्र वाचायला शिकली. काउन्सेलरनी ते आपल्या पत्रात घेतलं असावं. एकदा भेटल्या तेव्हा त्यांनी आजोबांची चौकशी केली.

बाकी मेलमधल्या दोन-तीन गोष्टी पटकन सांगते. पुढच्या वर्षीचे विषय पोर्टलवर एकदा तपासून घ्या. चूक असेल तर ती जूनमध्ये दुरुस्त होते, सप्टेंबरात वर्ग भरलेले असतात. एपीच्या, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या, विषयांना सुट्टीतला गृहपाठ असतो, तो कुठे टाकलाय ते विचारून ठेवा. एपीचे निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतात, त्यासाठी ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या खात्याचा पासवर्ड आत्ताच आठवून बघा. शाळेच्या मेलवर खातं काढलं असेल तर मुलीचा स्वतःचा मेल जोडून घ्या.

मुलगा फॉलमध्ये, म्हणजे शाळा उघडल्यावरच्या हंगामात, सॉकर किंवा क्रॉस कंट्रीला (लांब पल्ल्याच्या धावण्याला) उतरणार असेल तर शारीरिक तपासणीचा फॉर्म लागेल. न्यू जर्सीत ही तपासणी ३६५ दिवसांच्या आतली लागते. पुण्यातल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून भरून आणू, असा बेत असेल तर सोडून द्या. तपासणाऱ्याकडे इथला परवाना लागतो आणि राज्याने ठरवून दिलेलं हृदयतपासणीचं प्रशिक्षणही. ऑगस्टमध्ये बालरोगतज्ज्ञांची वेळ मिळता मिळत नाही, जाण्याआधी उरकून घ्या.

आता सहा हजार डॉलर.

विद्यापीठाचं नाव मोठं, आवार देखणं, आणि पत्रावर “तुमच्या पाल्याची निवड झाली आहे” असं लिहिलेलं. पण बरेचदा असे कार्यक्रम फी भरणाऱ्या बहुतेकांना घेतात. काही ठिकाणी तर शिकवणारी खासगी कंपनी असते, विद्यापीठाच्या फक्त खोल्या भाड्याने घेतलेल्या असतात. पुढे त्याच विद्यापीठात प्रवेशाच्या वेळी याचा म्हणावा असा फायदा होत नाही. मुलीला घराबाहेर राहून बघायचंय, विषयाची गोडी आहे आणि पैसे सहज बाजूला काढता येतात, तर जरूर पाठवा. मजा येईल, मैत्रिणी मिळतील. पण कर्ज काढून किंवा भारतवारी रद्द करून नाही.

ज्यांना खरा मान आहे त्यातले कित्येक कार्यक्रम फुकट असतात आणि मुलं पारखून घेतात. एमआयटीमधलं आरएसआय, म्हणजे रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट, सहा आठवड्यांचं असतं आणि शिकण्या-राहण्याचे पैसे घेत नाही. टेल्युराइड असोसिएशनचं टॅस हे इतिहास, साहित्य, समाज अशा विषयांत रस असणाऱ्यांसाठी. आपल्याकडे त्याचं नावही फारसं कुणी घेत नाही, कारण त्यात कोडिंग नाही! न्यू जर्सीत गव्हर्नर्स स्कूल आहेत, इंजिनीअरिंगचं रट्गर्सला आणि विज्ञानाचं ड्रू विद्यापीठात. अकरावीच्या मुलांसाठी, तेही विनामूल्य. पण या सगळ्यांचे अर्ज थंडीत भरायचे असतात. जूनमध्ये शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. तुमच्या मुलीसाठी ही गाडी गेली. मुलासाठी मात्र नोव्हेंबरच्या कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा, आणि अर्जाआधी पात्रतेचा रकाना वाचा. काही ठिकाणी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात. नासाच्या इंटर्नशिपला तर नागरिकत्वच लागतं. पोराने तीन निबंध लिहून झाल्यावर हे कळलं की घरात दोन दिवस कुणी बोलत नाही, हे मी एका मैत्रिणीच्या घरी पाहिलंय.

एच-४ चं म्हणाल तर नियम सरळ आहे, फक्त कडू आहे. एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही. वर्क परमिट मिळतं ते काही ठरावीक जोडीदारांना, २०१५ पासून, मुलांना नाही. मग मित्राच्या स्टार्टअपमध्ये “बिनपगारी इंटर्नशिप” करू दे, असं मंडळाच्या पिकनिकला कुणीतरी सुचवतंच. जरा सांभाळून. ज्या कामाला एरवी पगार दिला जातो ते फुकट केलं तरी ते कामच धरलं जाऊ शकतं, आणि नसता ससेमिरा मागे लागतो. वाचनालय, हॉस्पिटल, फूड बँक अशा ठिकाणचं खरंखुरं स्वयंसेवी काम करायला हरकत नसते. स्टायपेंड देणारा कार्यक्रम असेल तर होकार देण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलांना दोन ओळींची मेल टाकून विचारा. मुलगी सतराची आहे, तर २१ व्या वाढदिवसाचा हिशोबही याच उन्हाळ्यात वकिलांसोबत बसून करून टाका. त्या वाढदिवशी एच-४ संपतं आणि बहुतेकांना एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागतं. एच-४ वर असेपर्यंत फाफ्सा या अर्जातून कॉलेजच्या खर्चासाठी मिळणारी सरकारी मदतही नाही. कॉलेजांची यादी करताना हे माहीत असलेलं बरं.

ज्यांच्या मुलांकडे ग्रीन कार्ड किंवा अमेरिकन पासपोर्ट आहे त्यांना माझं वेगळंच सांगणं आहे: पोरांना आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लावा. चौदा पूर्ण झाली की पुष्कळ कामं करता येतात. चौदा-पंधराच्या मुलांना केंद्राच्या कायद्याने सुट्टीत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तासांपर्यंत मुभा आहे, आणि १ जून ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) रात्री ९ पर्यंत. न्यू जर्सीत वर्किंग पेपर्स, म्हणजे अठराखालच्या मुलांचे कामाचे परवाने, २०२३ पासून ऑनलाइन झालेत, शाळेत खेटे घालावे लागत नाहीत. आपल्या घरात यावर नाक मुरडतात. “आम्ही इथे शिकून आलो आणि पोर स्कूप भरणार?” भरू दे. कॉमन अॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र चालणाऱ्या प्रवेशअर्जात, उपक्रमांसाठी १० जागा असतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. त्यातल्या प्रकारांच्या यादीत “पगारी काम” आहे आणि “कौटुंबिक जबाबदारी”ही आहे. धाकट्या भावाला रोज पोहायला नेणं, बाबांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा घर सांभाळणं, हे तिथे लिहिता येतं. तुमच्या मुलीला पगारी काम जमणार नसलं तरी हा दुसरा रकाना तिचाच आहे.

निबंधाचं थोडं. कॉमन अॅप १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं, मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. जुलैत तिला रोज वीस मिनिटं वहीत काहीही लिहू दे, आणि ती वही तुम्ही उघडू नका. मी उघडली होती. पुढचा महिनाभर वही कुलूपबंद कपाटात ठेवलेली. सॅट ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा द्यायची असेल तर ऑगस्टच्या शेवटी एक परीक्षा असते, शाळेचा ताण सुरू व्हायच्या आत. जवळची केंद्रं लवकर भरतात, म्हणून नाव आत्ताच नोंदवा.

आणखी एक गोष्ट आहे, जी आपण हमखास विसरतो. मुलगी मंडळाच्या मराठी शाळेत सहा-सात वर्षं जात होती असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. मग ते वाया का घालवता? सील ऑफ बायलिटरसी म्हणून एक शिक्का शाळेच्या डिप्लोमावर मिळतो, इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा लिहिता-वाचता-बोलता येते म्हणून. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये त्याचा कायदा केला, मग इतर राज्यांत पसरलं, न्यू जर्सीतही आहे. अव्हांत नावाची संस्था भाषेच्या परीक्षा घेते आणि त्यांच्या यादीत मराठी आहे. शाळेतल्या वर्ल्ड लँग्वेज विभागाच्या प्रमुखांना सुट्टी लागण्याआधी विचारा की बारावीत ही परीक्षा कधी असते. त्यांना मराठीचं ठाऊक नसेल कदाचित, तर यादी दाखवा. मुलं बोलायला चटपटीत असतात, लिहिताना जोडाक्षरांत अडखळतात. म्हणून उन्हाळ्यात रोज एक परिच्छेद.

आणि तो परिच्छेद आजीच्या शेजारी बसून लिहिला तर अर्धं काम झालं. तेव्हा पुण्याला जा. जावं की नको, हा प्रश्नच नाही. फक्त एक लक्षात ठेवा, आपण पोचतो तेव्हा तिथली सुट्टी संपलेली असते. महाराष्ट्रातल्या शाळा बहुतेक जूनच्या मध्याला उघडतात, मावस-आत्ते भावंडं क्लासला पळत असतात, हापूस संपलेला असतो आणि पाऊस लागलेला. पहिल्या आठवड्यात मुलं कंटाळतात आणि आपण आठ ठिकाणी जेवायला जाऊन त्यांना आणखी कंटाळवतो. त्याऐवजी एकच काम द्या. आमच्या धाकटीने आजीच्या पाककृती लिहून घेतल्या होत्या. आजी म्हणे “अंदाजाने घाल”, आणि ही वाटी-चमचा घेऊन मागे. अळूवड्यांना तीन दुपार लागल्या, कारण आजीचा “थोडा गूळ” दर वेळी वेगळा भरायचा.

तिकिटांआधी पासपोर्ट बघा. परत यायच्या दिवसापर्यंत व्हिसाची मुदत संपत असेल तर परत येण्याआधी तिथे स्टँपिंग, म्हणजे वकिलातीतून पासपोर्टवर नवा व्हिसा, लागेल, आणि त्याची वेळ मिळाल्याशिवाय तिकीट काढू नका. इथे जन्मलेली मुलं असतील त्यांनीही तपासावं, सोळा वर्षांखालच्यांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि नेमका नववी-दहावीत संपतो. परतीचं तिकीट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातलं घ्या. मुलाचा सराव ऑगस्टमध्येच सुरू होतो, आणि मुलीला जेट लॅग उतरवून सॅटला बसायचंय.