कुठलाच खेळ धड येत नसेल तर अमेरिकेतल्या कॅम्पसवर मिसळायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की येत्या ऑगस्टमध्ये एमएससाठी निघताय, शाळेतल्या खो-खोनंतर मैदानाशी संबंध उरलेला नाही, आणि तिकडे असलेले सिनियर सांगतायत, "आपल्या पोरांमध्येच राहा, तिकडचे खेळ आपल्याला झेपत नाहीत." त्यांचं ऐकावं का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते ऐकू नये. का, ते जरा सविस्तर सांगतो.

मी सोलापूरचा. मेकॅनिकल झाल्यावर मिशिगन टेकला गेलो. हे विद्यापीठ हॉटन नावाच्या छोट्या गावात आहे, लेक सुपीरियरमध्ये शिरलेल्या किविनॉ द्वीपकल्पावर. तांब्याच्या खाणींचा भाग, म्हणून १८८५ साली खाणकाम शिकवायला इथे शाळा काढली, तीच वाढत जाऊन विद्यापीठ झाली. वायव्येकडून येणारा गारठलेला वारा त्या अफाट तळ्याच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून ओल उचलतो आणि जमीन लागली की सगळी बर्फ करून टाकतो. वर्षाला सरासरी २०० इंचांच्या वर. हमरस्त्याच्या कडेला एक उंच मोजपट्टी उभी केलीय, तिच्यावर १९७८-७९च्या हिवाळ्याची खूण आहे ३९०.४ इंचांवर. तीन मजली घराएवढी उंची होते ती. मे महिन्यात दुपारी दारं-खिडक्या लावून बसणाऱ्या गावातून गेलेला मी त्या पट्टीखाली बराच वेळ मान वर करून उभा होतो.

पहिलं सेमिस्टर सिनियर म्हणतात तसंच गेलं. चार मराठी मुलं एका अपार्टमेंटमध्ये, स्वयंपाकाच्या पाळ्या, रविवारी टेप गुंडाळलेल्या टेनिस बॉलने क्रिकेट. त्या मुलांनी मला सांभाळलं, तापात खिचडी करून घातली, ते मी विसरणार नाही. पण डिसेंबरात लक्षात आलं की चार महिन्यांत लॅबबाहेर एकाही स्थानिक मुलाशी माझं पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलणं झालेलं नाही.

जानेवारीत लॅबमधल्या एका मुलीने विचारलं, "आमच्या ब्रूमबॉलच्या टीमला एक जण कमी पडतोय. बर्फावर कधी धावला आहेस?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग ये."

ब्रूमबॉल म्हणजे आइस हॉकीसारखाच खेळ. गोलकीपर धरून सहा जण, समोरासमोर दोन गोल. फरक असा की पायात स्केट्स नसतात, साधे बूट असतात, हातात काठीऐवजी झाडू, आणि चकतीऐवजी चेंडू. डोक्याला हेल्मेट लागतंच. उघड्यावरचं मैदान, पाणी गोठवून केलेलं, आणि सामने रात्री उशिरापर्यंत. हॉटन हे हॉकीचं गाव. १९०४ साली जगातली पहिली व्यावसायिक हॉकी लीग सुरू झाली तिच्यात इथला संघ होता. तिथली मुलं चालायला लागतात आणि स्केटिंग शिकतात. पण स्केट्स काढून बूट घातले की तीही माझ्याइतकीच आपटतात! पहिल्या सामन्यात आमचा सगळ्यात तरबेज गडी माझ्या अंगावर कोसळला आणि आम्ही दोघं घसरत थेट आमच्याच गोलात. उठताना त्याने माझं नाव विचारलं. 'ज्ञानेश्वर' बरोबर म्हणायला त्याला आठवडा लागला, पण तो शिकला.

म्हणून माझा सल्ला असा की बास्केटबॉल, फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलचा अंगावर न आदळता खेळायचा प्रकार) यांच्या मागे आधी लागू नका. तिथली मुलं ते लहानपणापासून खेळत आलेली असतात, आणि आपण कडेला उभे राहतो. ज्यात तिथल्यांनाही धड उभं राहता येत नाही असा खेळ शोधा. अनेक विद्यापीठांत काही ना काही सापडतं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात १९६९ साली टायरच्या ट्यूबमध्ये बसून वॉटर पोलो, म्हणजे पाण्यात चेंडू फेकून गोल करायचा खेळ, खेळायला सुरुवात झाली, तो आता बऱ्याच ठिकाणी आहे. ट्यूबमध्ये बसलं की पट्टीचा पोहणारा आणि पाण्याला बिचकणारा यांच्यात फारसं अंतर उरत नाही.

खरी ओळख मात्र मैदानावर झालीच नाही. ती झाली झाडू तयार करताना. आमच्याकडे झाडू घरी बनवायचे: गवती झाडू घ्यायचा, त्याच्या काड्या टेपने घट्ट आवळत जायच्या, इतक्या की टोक लाकडासारखं टणक झालं पाहिजे. एकेका झाडूला तास-दीड तास. हॉस्टेलच्या तळघरात आम्ही सगळे फरशीवर बसून टेप ओढत होतो. हात गुंतलेले असले की माणूस बोलतो, हे मी आमच्या वाड्यात शेंगा फोडायला बसलेल्या बायकांकडे बघून लहानपणापासून जाणतो. तिकडचा गवती झाडू ज्यापासून करतात ते ज्वारीच्याच जातीचं पीक आहे. हे मी सांगितलं, मग भाकरी कशी थापतात ते हातवारे करून दाखवलं, मग मंगळवेढ्याच्या ज्वारीची गोष्ट निघाली. आमच्या कॅप्टनने तिच्या पणजोबांचं सांगितलं, फिनलंडहून तांब्याच्या खाणीत कामाला आले होते. त्या भागात फिनिश लोकांची वस्ती मोठी. पुढच्या शनिवारी सामना हरल्यावर ती आम्हा सगळ्यांना आजीच्या घरी सौनाला, म्हणजे फिनिश पद्धतीच्या वाफेच्या अंघोळीला, घेऊन गेली. घामाने निथळून बाहेर बर्फात उभं राहायचं, पुन्हा आत यायचं. मग आजीच्या हातची पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजीच. खाणकामगार डब्यात नेत. माझ्यासाठी तिने नुसत्या बटाट्याची केली होती.

आता व्यवस्थेबद्दल थोडं. कॅम्पसवरच्या अशा सामन्यांना तिकडे 'इंट्राम्युरल' म्हणतात. शब्दशः अर्थ भिंतींच्या आत: आपल्याच विद्यापीठातल्या मुलांचे आपसातले सामने. निवड चाचणी नसते, म्हणून ते विद्यापीठाच्या मुख्य संघापेक्षा अगदी वेगळे. मिशिगन (माझं मिशिगन टेक नव्हे) आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांनी १९१३मध्ये यासाठी स्वतंत्र विभाग काढले. मला जास्त मोलाची वाटते ती १९५०ची गोष्ट. न्यू ऑर्लिन्सच्या डिलर्ड विद्यापीठात विल्यम वॉसन यांनी ११ कृष्णवर्णीय महाविद्यालयांतल्या लोकांना एकत्र बोलावलं आणि या खेळांची राष्ट्रीय संघटना उभी केली. वंशभेद कायद्याने चालू होता त्या काळात. "हे आपले खेळ नाहीत" असं वाटेल तेव्हा ही बैठक आठवा.

बहुतेक ठिकाणी गट पाडलेले असतात: चुरशीचा, हौशी आणि मुलं-मुली एकत्र. तुम्ही हौशी नाहीतर एकत्र गटात जा. टीम नसेल तर 'फ्री एजंट' म्हणून नाव देता येतं, ज्यांना माणूस हवा ते कॅप्टन त्या यादीतून बोलावतात. ठरलेल्या वेळी किमान खेळाडू हजर नसले की सामना समोरच्यांना बहाल होतो. त्यामुळे न चुकता वेळेवर येणारा माणूस प्रत्येक टीमला हवा असतो, मग तो खेळात कसाही असो. अनेक विद्यापीठांत पंच वागणुकीलाही गुण देतात, आणि ते कमी पडले तर जिंकूनही बाद फेरी मिळत नाही.

सिनियर सहसा सांगत नाहीत ते एक: या सामन्यांचे पंच आणि गुणलेखक विद्यार्थीच असतात आणि त्यांना पगार मिळतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, हे त्यात बसतं. खेळाचे नियम क्रीडा विभागच शिकवतो. मी दुसऱ्या वर्षी व्हॉलीबॉलची शिट्टी वाजवली. अर्ध्या कॅम्पसला मी नावाने ओळखू लागलो.

आपली मुलं सोडा असं मी म्हणत नाही. रविवारचं क्रिकेट मी शेवटपर्यंत खेळलो, आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्यातल्याच तिघांना ब्रूमबॉलला ओढून नेलं.

विद्यापीठाच्या आरोग्य विम्यात खेळातली दुखापत धरलेली आहे का, हे सही करण्याआधी वाचा. खोबणीदार रबरी तळाचे बूट तिथेच घ्या. आणि पहिल्याच आठवड्यात, अभ्यासाचा रेटा सुरू व्हायच्या आत, क्रीडा विभागात जाऊन फ्री एजंटच्या यादीत नाव लिहून या.