४० पीसी, सगळे डोमेनवर: विंडोज ॲक्टिव्हेशनला केएमएस लावू की ॲक्टिव्ह डिरेक्टरी?

वागळे इस्टेटच्या ऑफिसात ४० पीसी, व्हॉल्यूम लायसन्स (अनेक मशिनसाठीचं एकत्र लायसन्स) घेतलेलं आणि तरी तुम्ही मशिन-मशिन फिरून हाताने की टाकताय, असं तुम्ही लिहिलंय. डोमेन आहे ना? मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीतूनच (डोमेनमधल्या मशिन आणि युजरची मध्यवर्ती नोंदवही) करा. विंडोज ७ चे पीसी उरले असतील तरच केएमएसच्या (ऑफिसातला एक सर्व्हर बाकीच्या पीसींना ॲक्टिव्हेट करतो ती पद्धत) वाटेला जा.

महापेला आम्ही केएमएस लावून हात पोळून घेतलेत. २५ वेगवेगळे पीसी येऊन गेल्याशिवाय केएमएस एकालाही दाद देत नाही (विंडोज सर्व्हर आणि ऑफिसला ५ पुरतात). आमच्याकडे पीसी ३०, म्हणजे निवांत! पण होस्टवर, म्हणजे केएमएसच्या सर्व्हरवर, ‘एसएलएमजीआर स्लॅश डीएलव्ही’ ही कमांड चालवली की करंट काउंट (मोजलेले पीसी) १. पोर्ट १६८८ उघडं, डीएनएसमधली नोंद बरोबर, तरी १. दोन दिवस नेटवर्कवाल्याच्या डोक्याशी बसलो. घोळ आमचाच निघाला. एकच इमेज सिसप्रेप (इमेजमधली मशिनची ओळख पुसणारं टूल) न करता सगळीकडे ओतली होती, त्यामुळे तिसांचाही क्लायंट मशिन आयडी एकच. प्रत्येकावर रीआर्म (ॲक्टिव्हेशन रीसेट करून नवा आयडी घेणं), रीस्टार्ट, पुन्हा ॲक्टिव्हेट, असं केलं तेव्हा कुठे आकडा हलला. बिचाऱ्याला उगाच बोललो.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ही मोजामोजीच नाही. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा स्कीमा (तिच्या नोंदींचा साचा) तेवढा सर्व्हर २०१२ चा किंवा पुढचा हवा. सर्व्हरवर व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन सर्व्हिसेसचा रोल टाका, एंटरप्राइझ ॲडमिनने लॉगिन करा, केएमएस होस्ट की द्या (नाव केएमएसचं असलं तरी इथेही तीच लागते) आणि ती एकदा मायक्रोसॉफ्टकडून ॲक्टिव्हेट करून घ्या. ॲक्टिव्हेशन ऑब्जेक्ट तयार होतो, तो अख्ख्या फॉरेस्टला (त्यातल्या सगळ्या डोमेनना) चालतो.

आता तुमच्यापुरती मेख. ज्या पीसींवर तुम्ही हाताने की टाकली आहे, ते आपोआप इकडे वळणार नाहीत. त्यांच्यावर त्या-त्या एडिशनची जेनेरिक व्हॉल्यूम की घालावी लागेल. ती मायक्रोसॉफ्टने जाहीरच केलेली आहे. ग्रुप पॉलिसीतून (डोमेनवरून सगळ्या पीसींना एकदम सेटिंग देण्याची सोय) स्टार्टअप स्क्रिप्ट लावा, पुन्हा फिरायला नको.

आणि ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचंच असतं, मशिन डोमेनच्या संपर्कात आलं की आपसूक वाढतं. घोडबंदरला घरी बसून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप अधूनमधून व्हीपीएनवर येतात का, तेवढं बघून ठेवा.