नऊ वर्षांच्या मुलीची उडी मोजून काय कळते?

प्रिय पालक,

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी नऊ वर्षांची आहे, तीन वर्षांपासून फिगर स्केटिंग शिकते आहे आणि ॲक्सलसह (पुढे तोंड करून मारायची, अर्धी गिरकी जास्त असलेली उडी) सगळ्या एकेरी, म्हणजे एका गिरकीच्या, उड्या तिला जमतात. नुकत्याच झालेल्या निवड चाचणीत मात्र जागच्या जागी मारायच्या उंच उडीत आणि धावण्यात ती मागे पडली, शिवाय तिच्याच गटातील एका मुलीला दुहेरी उड्या जमू लागल्या आहेत. तिच्यात मुळात गुणवत्ता आहे का आणि शाळा सोडवून, घरी शिकवून तिच्या सरावाचे तास वाढवावेत का, असे आपले दोन प्रश्न आहेत.

अशा चाचणीत त्या दिवशीचे शरीर मोजले जाते, आणि ते शरीर लवकरच बदलणार आहे. अव्वल खेळाडूसुद्धा तिहेरी उडीत एका सेकंदाहून कमी काळ हवेत असतो. तेवढ्यात तीन गिरक्या पूर्ण होतात, त्या केवळ उंचीच्या बळावर नव्हे, तर बर्फ सोडताच हात छातीशी आणि पाय एकमेकांशी घट्ट आवळून घेता येतात म्हणून. शरीर अक्षाच्या जितके जवळ, तितका फिरण्याचा वेग अधिक. चणीने लहान, अरुंद खांद्यांच्या मुलांना हे सोपे जाते. पुढे मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी उंची झपाट्याने वाढते, खांदे आणि कंबर रुंदावतात आणि हातखंडा असलेल्या उड्याही काही काळ बिघडतात. म्हणूनच आज दोघींपैकी पुढे कोण, यावरून उद्याचे काहीच सांगता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग पाहायचे काय? सर्वांत आधी तिच्या स्केटची कड पाहा. पात्याच्या तळाशी खोलगट पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. तिला एका पायावर मोठे वळण घ्यायला सांगा आणि ती पुढे गेल्यावर बर्फावर उमटलेली खूण न्याहाळा. शरीर खरोखर वळणात कलले असेल तर एकच स्वच्छ रेघ दिसते. पाते सपाट पडले असेल तर दोन समांतर रेघा दिसतात, आणि पाय घासत गेला असेल तर भुसभुशीत चुरा पडलेला असतो. कानही उघडे ठेवा, कारण चांगली कड खरवडल्यासारखी वाजत नाही. दोनचार पावलांत सहज वेग पकडणारी आणि तो वेग वळणातही टिकवणारी मुलगी माझ्या लेखी उंच उडणाऱ्या मुलीपेक्षा अधिक आशादायक असते. जपानच्या स्केटर काओरी साकामोतो यांनी 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन जागतिक विजेतेपदे मिळवली, ती तिहेरी ॲक्सल किंवा चौपट (चार गिरक्यांच्या) उडीशिवाय. त्यांचे बळ होते वेग, कडांवरील पकड आणि ऐसपैस, वाहत्या उड्या.

दुसरी गोष्ट म्हणजे शिकण्याची रीत. सरावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत, पाय थकलेले असताना, प्रशिक्षकांनी एकच सूचना दिली की पुढच्या दोनतीन प्रयत्नांत तिच्या हालचालीत काही फरक पडतो का, ते पाहा. उडी फसली तरी चालेल. चूक बदलली पाहिजे. पडल्यावर ती प्रेक्षकांत बसलेल्या आपल्याकडे पाहते की पुन्हा त्याच जागी जाऊन उभी राहते, हेही लक्षात ठेवा. अशा नोंदी निदान वर्षभर ठेवल्या, तर त्या एका दिवसाच्या चाचणीपेक्षा कितीतरी अधिक सांगतील.

आता शाळेविषयी. शाळा सोडवू नये. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने 2022 मध्ये वरिष्ठ गटासाठीची किमान वयोमर्यादा 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 पर्यंत वाढवली आणि ती 2024-25 च्या हंगामापासून पूर्णपणे लागू झाली. म्हणजे आपल्या मुलीला वरिष्ठ स्पर्धेत उतरायला अजून आठेक वर्षे आहेत. अमेरिकेचे स्केटर जॉनी वेअर यांनी साधारण बाराव्या वर्षी स्केटिंग सुरू केले आणि 2001 मध्ये ते कनिष्ठ गटाचे जगज्जेते झाले. असे उदाहरण विरळा आहे, हे मान्य. तरीही नवव्या वर्षी दार बंद होत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. अमेरिकेच्याच अलीसा लिऊ यांनी तर सोळाव्या वर्षी निवृत्ती घेतली, दोन वर्षांनी त्या स्वतःच्या इच्छेने परतल्या आणि 2025 मध्ये विश्वविजेत्या झाल्या.

तास वाढवण्याबाबत मला खरी काळजी वाटते ती हाडांची. प्रत्येक उडीनंतर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एकाच पायावर येतो, आणि वाढत्या वयातील हाडांना व सांध्यांना तो सोसण्यासाठी विश्रांती आणि पोटभर आहार लागतो. गुडघा, टाच किंवा कंबर एकाच जागी सतत दुखू लागली, तर उड्या थांबवून डॉक्टरांना दाखवावे. कोणी तिचे वजन कमी करण्याचा सल्ला दिला, तर तो कृपया मानू नये. सध्या मिळणाऱ्या वेळातला काही भाग उड्यांकडून काढून कडांच्या आणि वळणांच्या सरावाला द्यावा, अशी विनंती तिच्या प्रशिक्षकांना करावी. उंची वाढण्याचा वेग ओसरल्यावर, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, आपल्या नोंदींसह मला पुन्हा लिहावे. तेव्हा सरावाच्या तासांचा प्रश्न आपण नव्याने विचारात घेऊ.