रीलला लाख प्रेक्षक, रायडिंगला मुलं चारच

वाचकांचे प्रश्न : घोडा, व्यवसाय आणि मोबाइल

पुण्याच्या पूर्वेला आमचं रायडिंग स्कूल आहे. आठ घोडे, दोन प्रशिक्षक. चौखूर धावणाऱ्या घोड्याच्या आमच्या इन्स्टाग्रामवरच्या एका रीलला लाखावर व्ह्यूज मिळाले, पण त्या महिन्यात नवे प्रवेश चारच झाले. जाहिरातीवर खर्च वाढवावा का?

इतक्यात नको. आधी त्या रीलचे इनसाइट्स, म्हणजे प्रेक्षकांची आकडेवारी, उघडा आणि प्रेक्षक कोणत्या शहरांतले आहेत ते बघा. धावत्या घोड्याचं रील देशभर फिरतं. ते बघणाऱ्याला घोडा आवडतो, पण तो तुमच्या फाटकापर्यंत येणार नसतो. मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा आणून सोडायचं असेल, तर पालक पंधरा किलोमीटरपलीकडून फार दिवस येत नाहीत. तुमचा खरा प्रेक्षक या वर्तुळात आहे. त्याला वेगाचं आकर्षण नसतं, मूल पडेल का ही धास्ती असते.

पहिलं काम गूगलच्या नकाशावर. रायडिंग शिकवणारी जागा शोधताना लोक सहसा तिथेच बघतात. बिझनेस प्रोफाइलमधली खूण बरोबर फाटकावर ठेवा. शेतातल्या जागेत ती अनेकदा मागच्या बांधावर पडते, गाडी चिखलाच्या रस्त्यात अडकते आणि माणूस तिथूनच परत फिरतो. उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या वेळा वेगळ्या असतील तर त्या त्या वेळी बदला. रिव्ह्यू मागा, पण त्याच्या बदल्यात फुकट रपेट देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही आणि असे रिव्ह्यू काढून टाकले जातात.

मग रील. आठवड्याला तीन पुरेत, त्यातलं एक तरी ‘पहिला दिवस कसा असतो’ यावर हवं. हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जाईल इतकीच सैल. ओट्यावरून डाव्या बाजूने बसणं. मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या, हातात दोरी. अर्धा तास फक्त कदम चाल. एवढंच दाखवा. फोन उभा धरा आणि घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर ठेवा. फोन तोंडाजवळ नेला तर घोड्याचं डोकं अवाढव्य आणि मागचा भाग बारीक दिसतो. त्यापेक्षा चार-पाच मीटर मागे सरून दुप्पट झूम वापरा. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा मराठीत दोन ओळी पडद्यावर द्या. गाजलेलं सिनेमातलं गाणं टाकू नका. बिझनेस खात्याला सगळं संगीत वापरण्याची परवानगी नसते आणि मागाहून आवाज बंद होतो. टापांचा आणि फुरफुरण्याचा आवाज तुमच्याकडे फुकट आहे, आणि तोच जास्त बोलतो. वय, वेळ, फी आणि ठिकाण कॅप्शनमध्ये लिहा. ‘फीसाठी मेसेज करा’ असं वाचलं की अर्धे पालक पुढे सरकतात.

आता खर्चाचा हिशेब. पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण दाबून लाइक वाढवण्यापेक्षा ॲड्स मॅनेजरमध्ये ‘व्हॉट्सॲपवर मेसेज’ हे उद्दिष्ट निवडा आणि फाटकाभोवती बारा किलोमीटरचं वर्तुळ आखा. रोज ३०० रुपये, सात दिवस म्हणजे २,१०० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून २,४७८. समजा ३० मेसेज आले, सहा मुलं चाचणी रपेटीला आली आणि दोन टिकली, तर एका प्रवेशाचा खर्च १,२३९ रुपये झाला. तो तुमच्या एका महिन्याच्या फीशी ताडून बघा. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीआधी दहा दिवस जाहिरात सुरू करा; सुट्टी लागल्यावर कुटुंबं गावी गेलेली असतात. मेसेजला तासाभरात उत्तर गेलं पाहिजे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये फी, वेळ आणि नकाशा यांची तीन ‘क्विक रिप्लाय’ उत्तरं तयार ठेवली की मोतद्दाराचा मुलगाही ती पाठवू शकेल. एक लक्षात ठेवा : ब्रॉडकास्ट लिस्टमधला निरोप तुमचा नंबर सेव्ह करणाऱ्यालाच पोचतो. म्हणून पहिल्याच संभाषणात नंबर सेव्ह करायला सांगा.

यात सगळ्यात जास्त चुकतं ते घोड्यांचं गणित. आठपैकी नवख्यांना चालतील असे पाचच घोडे आहेत असं धरा. प्रत्येकाकडून दिवसाला दोन तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वीसच फेऱ्या. त्यात जुनी मुलंही बसवायची. रविवारी चाळीस जण आले, की तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळून आवळून घोड्यांची कातडी सोलवटते, शांत घोडा चिडून कान पाडू लागतो, आणि ज्याने पैसे भरले त्याला दमलेला घोडा मिळतो. फेऱ्या भरल्या की जाहिरात त्याच दिवशी थांबवा.

आमच्या एका व्हिडिओखाली ‘घोड्याला उपाशी ठेवता’ अशा कमेंट आल्या. घोडा २२ वर्षांचा आहे, निरोगी आहे. कमेंट काढून टाकाव्यात का?

शिवीगाळ काढा, प्रश्न काढू नका. म्हाताऱ्या घोड्याची पाठ खोलगट दिसते, दात झिजल्यामुळे अंग भरत नाही. हेच सरळ लिहा : वय, शेवटची पशुवैद्यकीय तपासणी, पशुवैद्याकडून दातांची टोकं घासून घेतल्याची तारीख, रोजचा खुराक. सोबत खुराक कालवतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ जोडा. आणि टीका खरी असेल, तर व्हिडिओ उतरवून चूक मान्य करा. लोक ते विसरतात. लपवलेलं मात्र स्क्रीनशॉट होऊन फिरत राहतं.

पोस्ट करण्याआधी घोडा जाणणाऱ्या एकाने व्हिडिओ आवाज बंद करून बघावा. दोरी हाताला गुंडाळलेली, घोड्याच्या अगदी मागे उभं मूल, रिकिबीत टाच नसलेला सपाट बूट, तंगाखालची जखम, ओढलेल्या लगामामुळे उघडं पडलेलं तोंड, सतत फटकारणारी शेपटी. यातलं एकही दिसलं तर व्हिडिओ जायला नको. ढोल-ताशावर घोडा नाचवण्याचे व्हिडिओ भरपूर चालतात हे खरं, पण स्कूलच्या खात्यावर ते टाकू नका. पोटच्या पोराला तुमच्याकडे पाठवणारा पालक ते बघून परत जातो. ड्रोनही दूरच ठेवा. डोक्यावरच्या घरघरीने बुजलेला घोडा स्वाराला घेऊन पळतो.

मुलांचे फोटो टाकायला तोंडी परवानगी चालते का?

लेखीच घ्या. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे ‘मूल’ धरले आहेत आणि संमती पालकांची लागते. प्रवेश अर्जातच दोन वेगळ्या चौकटी द्या : एक गटातल्या फोटोंसाठी, दुसरी जाहिरातीसाठी. नकार दिलेल्या मुलांची यादी फोन धरणाऱ्याच्या हातात हवी, नाहीतर ती फायलीतच राहते. नाव, शाळेचा गणवेश आणि वर्गाची वेळ फोटोत येऊ देऊ नका. मूल घरी गेल्यावरच पोस्ट टाका.

शहाद्याजवळ आमची पागा आहे. सारंगखेड्याच्या यात्रेआधी शिंगरांचे फोटो आणि किंमत फेसबुकवर टाकली, तर पोस्ट उडाली. काय चुकलं?

किंमत आणि ‘विकणे आहे’. फेसबुक मार्केटप्लेसवर जिवंत जनावर विकता येत नाही. व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्येही प्राण्यांना मनाई आहे. वारंवार केलं तर खातं बंद होऊ शकतं. तुमच्यासाठी पागेची ओळख तयार करणं हाच रस्ता आहे. आईवडील कोण, शिंगरू कसं वाढतंय, दुडकी चाल कशी टाकतं, हे वर्षभर दाखवत राहा. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी यात्रा भरते, तेव्हा ‘आमचा तंबू कुठे’ एवढीच पोस्ट करा. व्यवहार समोरासमोर होऊ द्या.

फोटो सपाट जमिनीवर, चारही पाय वेगवेगळे दिसतील असा घ्या. कॅमेरा पोटाच्या उंचीवर, मागे साधी भिंत. कान पुढे यावेत म्हणून कुणीतरी समोरून डब्यात हरभरा खुळखुळवावा. काळा घोडा दुपारच्या उन्हात नुसता डाग दिसतो. सकाळी आठच्या आत उरका. दातांचा, चारही खुरांचा आणि अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचा फोटो वेगळा काढून ठेवा, जाणते गिऱ्हाईक ते मागणारच. उंची इंचांत लिहा आणि मोजताना पट्टी दिसेल असा व्हिडिओ घ्या; एक-दोन इंच वाढवून सांगितले तर ते यात्रेत उघडे पडतात. पागेचं नाव फोटोच्या कोपऱ्यात टाकू नका, घोड्याच्या अंगावर फिकट अक्षरांत टाका. कोपरा कापून तुमच्याच घोड्याच्या नावावर दुसरा कुणी इसार घेतो.

आणि कुणी ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणालं तर तिथेच थांबा. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत.

माथेरानला माझे दोन घोडे आहेत. मला या सगळ्याचा उपयोग आहे का?

इन्स्टाग्रामचा फारसा नाही. पर्यटक घोडा ठरवतो तो दस्तुरी नाक्यावर, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, उतरल्यावर. त्याच्या मनात दोनच शंका असतात : पुढे गाड्या बंद आहेत तर बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर कसे जायचे, आणि किती पैसे लागतील. ठरलेल्या दरांच्या फलकाचा फोटो, शार्लट लेक किंवा इको पॉइंटच्या फेरीला लागणारा वेळ आणि तुमच्या घोड्यांचे दोन स्वच्छ फोटो व्हॉट्सॲप बिझनेसवर ठेवा. तो नंबर ओळखीच्या दोन-तीन लॉजमध्ये द्या. वजनदार माणसाला नाही म्हणायचं असेल तर तेही आधीच लिहा. खोगीर आणि स्वार मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहिले पाहिजेत. ३५० किलोच्या घोड्याला ७० किलो. नाक्यावर, सगळ्यांसमोर नाही म्हणण्यापेक्षा ते आदल्या रात्री मेसेजवर सांगणं दोघांनाही सोपं जातं.