पॅलेटवरचा शिक्का आणि लाकडातली अळी

प्रश्न : आमच्या कारखान्यातून यंत्रांचे सुटे भाग जर्मनीला जातात. पॅलेटवर (मालाखालच्या लाकडी चौकटीवर) शिक्का नसेल तर माल परत पाठवू, असं खरेदीदार म्हणतो. लाकूड भट्टीत वाळवलेलं आहे, वर कीटकनाशकही मारलंय. मग अडतंय कुठे?
– एक लघुउद्योजक, चाकण

उत्तर : फवारा वरच्यावर राहतो, अळी असते आत. चीन-कोरियाकडचा लांब मिशांचा भुंगेरा १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये सापडला, तो पॅकिंगच्या लाकडातूनच आला असं मानतात. पुढे तिथे हजारो झाडं तोडावी लागली. त्याची अळी खोडात वर्ष-दोन वर्षं पोखरत बसते. जहाजावरचा महिना तिच्या खिजगणतीतही नसतो.

म्हणून २००२ मध्ये आयएसपीएम १५ हा पॅकिंगच्या लाकडासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम आला. तो पाळल्याची खूण म्हणजे हा शिक्का. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं राहायला हवा. नुसतं वाळवताना तेवढं तापमान गाठलं जाईलच असं नाही. घोळ होतो तो बहुतेक मोजण्यात. भट्टीतली हवा आधी तापते, गाभा बराच मागे असतो. सेन्सर सर्वांत जाड तुकड्याच्या मधोमध घाला आणि भोक नीट बुजवा, नाहीतर गरम हवा आत शिरून खोटा आकडा दाखवते. वेळ ५६ गाठल्यावरच मोजायची. मध्येच तापमान उतरलं तर पुन्हा पहिल्यापासून. थरांमध्ये पट्ट्या ठेवा, हवा खेळली पाहिजे. सालही काढलेली हवी. ३ सेंटीमीटरपेक्षा अरुंद राहिलेली चालते.

शिक्का मात्र केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाची मान्यता असलेल्या प्रक्रिया केंद्रानेच मारायचा. त्यात ओंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, प्रक्रिया केंद्राचा क्रमांक आणि प्रक्रियेची अक्षरं असतात. हाताने लिहिलेला चालत नाही. लाल किंवा नारिंगी रंगही टाळा.

प्रश्न : प्लायवूडच्या पेटीला हे सगळं लागतं का?

उत्तर : नाही. डिंक, उष्णता आणि दाब यांतून ते तयार होतं, त्यामुळे सूट आहे. पण खाली साध्या लाकडाचे ठोकळे ठोकले असतील, तर त्यांना लागतं. बंदरात पेटी अडते ती बऱ्याचदा याच ठोकळ्यांपायी.

प्रश्न : जुनी शिक्क्याची पॅलेट दुरुस्त करून वापरली तर?

उत्तर : एक तृतीयांशापर्यंत भाग बदललेत तर प्रक्रिया केलेलं लाकूडच वापरा आणि प्रत्येक नव्या तुकड्यावर वेगळा शिक्का घ्या. त्याहून जास्त बदललं, तर जुने शिक्के घासून काढा आणि अख्खी पॅलेट पुन्हा भट्टीत घाला.