बाथरूमची गळती : फोडण्याआधी शोधा

प्रश्न : आमच्या बाथरूमखालच्या घरात छताला ओल आली आहे. गवंडी म्हणतो, सगळ्या टाइल्स काढाव्या लागतील. खरंच गरज आहे का?

असेलही, पण आधी पाणी येतं कुठून ते ठरवा. नळाची लाइन, सांडपाण्याची लाइन आणि फरशी, या तीनपैकी एक जागा असते, कधी दोन.

नळाची लाइन आधी तपासा. प्लंबरला सगळे नळ बंद करून प्रेशर पंप लावायला सांगा. पंपावरचा दाबाचा काटा अर्ध्या तासात खाली सरकला तर लाइन गळते आहे. ‘दोन दिवस बाथरूम वापरू नका, मग बघू’ हा सल्ला मात्र फसवा. बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेऊन वर भराव टाकलेला असेल तर त्या भरावात साठलेलं पाणी वापर थांबल्यावरही बरेच दिवस झिरपत राहतं.

मग सांडपाणी. फरशी कोरडी ठेवून नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून वाहून जातं त्या तोंडाची, जाळी काढा आणि रंग कालवलेलं पाणी पाइपनं थेट ट्रॅपमध्ये सोडा. कमोडचा फ्लश वेगळा तपासा. रंग खाली उतरला तर सांधा सापडला. फरशीची पाळी शेवटी: ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून, उंबऱ्याच्या खाली राहील असं इंचभर पाणी २४ तास साठवा. त्याआधी खालच्या घरातल्या त्या छतावरच्या दिव्याची वीज बंद करायला सांगायला विसरू नका.

बहुतेक वेळा दोषी निघतो तो ट्रॅपभोवतीचा सांधा. पीव्हीसी गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला धरत नाही. माल सुकताना आकसला की पाइपभोवती केसाएवढी फट राहते. अशा वेळी ट्रॅपभोवतीचा फूटभर चौकोन फोडून भागतं. पाइप सँडपेपरनं खरवडायचा, त्यावर सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी पाइप जोडायचा गोंद) लावून जाड वाळू भुरभुरायची, सुकली की न आकसणारं ग्राउट ठासून भरायचं आणि वॉटरप्रूफ कोटिंग ट्रॅपच्या कडेपर्यंत आणायचं.

प्रश्न : आम्ही पूर्ण फोडायचंच ठरवलं आहे. काम चालू असताना उभं राहून काय बघावं?

पाणी अडवतो तो टाइल्सच्या खालचा थर. म्हणून टाइल्सचा रंग ठरवण्याइतकाच वेळ त्याला द्या.

जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात काटकोन नको, मालाची गोलाई हवी. काटकोनात कोटिंग ताणलं जातं आणि पहिली चीर तिथेच पडते. पृष्ठभागावर सैल माल, धूळ, तेल नको. तो ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको. ॲक्रिलिक-सिमेंटच्या दोन घटकांच्या कोटिंगमध्ये पावडर द्रवात टाकतात, द्रव पावडरीत नाही. त्यानं गुठळ्या कमी होतात. कालवलेलं मिश्रण घट्ट होऊ लागलं की त्यात पाणी घालून पुन्हा पातळ करताना कोणी दिसलं, तर ते सरळ फेकायला लावा.

पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती पहिल्या हातात फायबर जाळी बसवून घ्या. कोटिंग भिंतीवर सगळीकडे किमान एक फूट उंच, शॉवरच्या भिंतींवर सहा फूट. ५ बाय ७ फुटांच्या बाथरूमचा हिशेब असा: जमीन ३५, भोवतालची एक फुटी पट्टी २४, शॉवरच्या कोपऱ्यातल्या ३ आणि ४ फुटांच्या भिंतींवर वरचे पाच फूट म्हणजे ३५, एकूण ९४ चौरस फूट. डब्यावर लिहिलेला खप, म्हणजे किती चौरस फुटांना किती माल लागतो, याच्याशी ताडून बघा. माल निम्माच आला असेल तर थर पातळ होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

स्लॅब खाली घेतलेला असेल तर त्याच्या तळाला एकदा आणि भरावाच्या वर दुसऱ्यांदा, असं दोन ठिकाणी कोटिंग हवं. डब्यावर सांगितलेले दिवस कोटिंग वाळू द्या, मग २४ ते ४८ तास पाणी साठवून तपासा. ही तपासणी टाइल्स बसण्याआधीच व्हायला हवी, नंतर दोष सापडला तरी टाइल्स पुन्हा फोडाव्या लागतात. ट्रॅपकडे ढाळ मीटरला १० ते १५ मिलिमीटर ठेवा.

प्रश्न : टाइल्सच्या सांध्यांतलं व्हाइट सिमेंट दर वर्षी निघतं. काय भरावं?

आधी ॲसिडनं फरशी धुणं बंद करा. ॲसिड सिमेंट खातं. जुनं पूर्ण खरवडून कोरड्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन सीलंट, कारण तिथे किंचित हालचाल होते. यानं फरशीचं झिरपणं कमी होईल; खालचा थर फाटलेला असेल तर तो जुळणार नाही.

प्रश्न : बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचा रंग खालून फूटभर सुटतो, पांढरी पूड येते. वॉटरप्रूफ रंग देऊ का?

नको. ती पूड म्हणजे लोणा. भरावातलं पाणी भिंतीत चढतं, बाहेर येऊन सुकतं आणि क्षार मागे ठेवतं. वरून पक्का रंग दिलात तर ओल आणखी वर चढून तिथून फुटेल. आधी बाथरूमची बाजू दुरुस्त करा, मग लोणा लागलेला प्लास्टर विटेपर्यंत काढा आणि भिंत पूर्ण सुकू द्या. याला काही महिनेही लागतात. प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून दव जमलं तर प्लास्टरची घाई करू नका.