पोटावर टाक्यांची खूण नाही, मग नसबंदी झालेली नाही असं समजायचं का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही नुकतीच एक कुत्री दत्तक घेतलीये, दात बघून वय तीनेक वर्षं असेल असं सांगितलं गेलं. आधीच्या मालकाची काहीच माहिती नाही. पोटावरून हात फिरवून बघितला, टाक्यांची खूण कुठे लागत नाही. म्हणजे नसबंदी झालेलीच नाही का? घरात नर कुत्रा पण आहे म्हणून टेन्शन आलंय, आणि उगाच तिचं पोट उघडायला मन धजत नाही.

उत्तर: तुमची काळजी अगदी बरोबर आहे, पण नुसता हात फिरवून हे ठरवू नका. लहानपणी ऑपरेशन झालं असेल तर व्रण इतका बारीक होतो की केसांत सापडतच नाही. तिला पाठीवर झोपवून बेंबीच्या खाली मधोमध केस ओले करून बाजूला सारा आणि चांगल्या उजेडात बघा, दवाखान्यात थोडे केस काढून बघितलं तर अजून चांगलं. आणि फक्त मधोमध बघून थांबू नका, बऱ्याच ठिकाणी हे ऑपरेशन बरगड्यांच्या मागे कुशीतून करतात, दुर्बिणीने केलं असेल तर एकदोन छोटे ठिपकेच राहतात. काही डॉक्टर व्रणाजवळ हिरवी किंवा निळी रेघ गोंदवतात, ती दिसली तर मात्र शंका ठेवायचं कारण नाही. कानाला खाच असेल तर तीही बघा, भटक्या कुत्र्यांची नसबंदी केल्यावर अशी खूण करायची पद्धत आहे. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली आहे का तेही स्कॅन करून घ्या, नोंद मिळाली तर शोधाशोध वाचेल.

आता उलट बाजू, व्रण दिसला म्हणजे नसबंदी झालीच असंही नाही. सिझेरियनचा किंवा हर्नियाचा असू शकतो. सड मोठे लोंबलेले असले तर तिला पूर्वी पिल्लं झालीत एवढंच कळतं, त्यानंतर नसबंदी झालेली असू शकते.

बरेच जण म्हणतात की वाट बघा, माजावर आली की कळेल. साधारण सहा ते बारा महिन्यांनी माज येतो, योनी सुजते, रक्त जातं, दोनतीन आठवडे चालतं. पण घरात नर असताना मी हा सल्ला देणार नाही, शिवाय काहींचा माज इतका हलका असतो की लक्षातच येत नाही.

तुमच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे रक्ताची टेस्ट. एएमएच नावाचं हार्मोन अंडाशयातच तयार होतं, ते सापडलं तर अंडाशय आहे, अगदी कमी आलं तर बहुतेक काढलेलं आहे. दुसरी टेस्ट एलएचची. अंडाशय काढलं की मेंदूकडून येणारं हे हार्मोन कायम जास्त राहतं, म्हणून कमी आलं तर नसबंदी झालेली नाही हे जवळपास नक्की. जास्त आलं तर मात्र एकदा परत करावी लागते, कारण माजात बीज सुटण्याच्या वेळीही ते थोडा वेळ वाढतं. सोनोग्राफी मदतीला घ्या पण तिच्यावर एकटीवर विसंबू नका, माज नसताना अंडाशय इतकं छोटं असतं की अनुभवी माणसालाही सापडत नाही, आणि काही सर्जन फक्त अंडाशय काढून गर्भाशय ठेवतात त्यामुळे गर्भाशय दिसलं तरी उत्तर मिळत नाही. पोट उघडून बघणं हा शेवटचा पर्याय, तो आत्ता नकोच.

रिपोर्ट येईपर्यंत नसबंदी झालेली नाही असंच धरून चाला. दोघांना एकटं सोडू नका, आणि नराची नसबंदी झाली नसेल तर ती करून घ्या, फक्त ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. अजून एक, ती अचानक खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, उलट्या झाल्या किंवा योनीतून पू आला तर टेस्टची वाट बघत बसू नका, गर्भाशयात पू झाल्याची ही लक्षणं आहेत, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.